सपाट अँटेना आणि क्षेत्रफळाचा हिशेब



शहरांतील कोणत्याही चार मजली इमारतीच्या दर्शनी बाजूवर नजर टाकली, तर खिडक्यांच्या गजांना अडकविलेल्या गोल थाळ्यांची ओळच्या ओळ दृष्टीस पडते. इमारतीची शोभा जाते, पावसाळ्यांत खिळे गंजून भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेंत यावर न चुकतां वाद होतो. अशा वेळीं कोणी तरी विचारतोच, कीं मोबाइल टेलिफोन जर खिशांत मावतो, आणि त्याचा अँटेना तर डोळ्यांना दिसतही नाहीं, तर ही थाळीच तेवढी लहान व चपटी कां होऊं नये? प्रश्न अगदीं रास्त आहे, आणि आज त्याचाच विचार करावयाचा आहे. लहान आणि चपटी हीं दोन विशेषणें आपण एका श्वासांत उच्चारीत असलों, तरी निसर्ग त्यांना अगदीं निराळ्या रीतीनें वागवितो. चपटेपणा तो देतो, पण त्याची किंमत घेऊन; लहानपणाच्या बाबतींत मात्र तो जवळजवळ कांहींच ऐकून घेत नाहीं.

असें कां, हें समजण्यासाठीं अँटेनाचा लाभ, म्हणजे इंजिनियर मंडळी ज्याला 'गेन' म्हणतात तो, काय आहे हें पाहिलें पाहिजे. नांवावरून असें वाटतें, कीं अँटेना कोठून तरी जास्तीची शक्ति निर्माण करीत असावा. तसें मुळींच नाहीं. ओसरीवर टांगलेला कंदील चारी दिशांना सारखाच उजेड टाकतो. त्याच्यामागें चकचकीत पत्रा धरला, तर समोरची वाट अधिक उजळते, आणि मागची बाजू अंधारांत जाते. तेल तेवढेंच जळतें. समोरचा उजेड किती पट वाढला, तो आंकडा म्हणजे त्या पत्र्याचा लाभ. अँटेना शक्ति पाठवीत असो वा झेलीत असो, हिशेब दोन्हीकडे एकच आहे.

आणि हा आंकडा काढण्याचा नियम इतका सोपा आहे, कीं तो शाळेंतल्या मुलालाही वापरतां येईल. अँटेनाच्या तोंडाचें क्षेत्रफळ घ्यावें, त्याला लाटेच्या लांबीच्या वर्गानें भागावें, आणि येणाऱ्या संख्येची सुमारें साडेबारा पट करावी. खिडकीवरच्या थाळीचा व्यास ६० सेंटिमीटर धरला, तर तिचें क्षेत्रफळ अठ्ठावीसशें चौरस सेंटिमीटरांच्या आसपास येतें. उपग्रहावरून येणारी लाट सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची असते. भागाकार-गुणाकार केल्यावर लाभ येतो सुमारें ५,७००. ही झाली आदर्श थाळी. प्रत्यक्षांत कडेवरून कांहीं शक्ति सांडते, कांहीं अडते, आणि साडेतीन ते चार हजार पट हातीं लागते. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाची क्षीण झालेली लाट टिपावयास तेवढी पुरते.

या नियमांत जाडी कोठेंच येत नाहीं, हें श्रोत्यांच्या लक्षांत आलेंच असेल. क्षेत्रफळ आहे, लाटेची लांबी आहे. खोलीचा उल्लेख नाहीं. चपटेपणाची आशा येथूनच उत्पन्न होते. त्याच वेळीं क्षेत्रफळ तर बोडक्यावर बसलेलेंच आहे, आणि तें टाळावयाचें असेल तर लाटच आंखूड करावी लागते.

हा उपाय भारतानें स्वतः अनुभवला आहे. १९७५-७६ सालीं अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून आपल्या देशांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्या वेळीं खेड्यांत बसविलेल्या जाळीच्या थाळ्या तीन मीटर व्यासाच्या होत्या. लाट होती सुमारें पस्तीस सेंटिमीटरांची. नियम लावून पाहावा. एवढ्या मोठ्या थाळीचा आदर्श लाभही साडेसातशेंच्या आसपासच येतो. आजची खिडकीवरची लहान थाळी तिच्याहून कितीतरी पट लाभ देते, तो केवळ लाट आंखूड झाली म्हणून. याची किंमत आपण दरवर्षी जून ते सप्टेंबर भरतो. अडीच सेंटिमीटरांच्या लाटेला पावसाचे थेंब चांगलेच अडवितात, आणि मुसळधार सर आली कीं क्रिकेटचा सामना नेमका शेवटच्या षटकांत पडद्यावरून नाहींसा होतो. पस्तीस सेंटिमीटरांच्या लाटेला पाऊस जवळजवळ जाणवतही नसे.

आतां लाट तीच ठेवून अँटेनाच लहान करावयाचा, असा हट्ट धरला तर काय होतें? याचा शोध १९४७ सालीं हॅरोल्ड व्हीलर यांनीं आणि १९४८ सालीं लॅन जेन चू यांनीं घेतला, आणि त्यांचे निष्कर्ष आजही या विद्येंत सीमेवरच्या दगडांप्रमाणें उभे आहेत. लाटेच्या मानानें अँटेना फारच लहान केला, म्हणजे शक्ति बाहेर निघून जाण्याऐवजीं त्याच्या अवतीभवतींच येरझारा घालूं लागते. असा अँटेना ज्या थोड्याशा लहरींवर नीट चालतो, तो पट्टा अरुंद होत जातो. आकार निम्मा केला, तर पट्टा सुमारें आठव्या हिश्श्यावर येतो. त्यांतून लाभही मोठा हवा असेल, तर शेजारशेजारच्या तारांमध्यें एकमेकींच्या उलट असे प्रचंड प्रवाह खेळवावे लागतात. रस्सीखेंचींत दोन्ही बाजूंचे गडी घामाघूम होतात आणि दोर मात्र जागचा हलत नाहीं, तशी अवस्था होते. बरीचशी शक्ति तारा तापविण्यांतच खर्चीं पडते. कागदावर हें सारें साधतें. बाजारांत साधत नाहीं. मोबाइलच्या पाठीवर चिकटविली कीं आवाज स्पष्ट येईल, अशी हमी देऊन कांहीं वर्षांपूर्वीं सोनेरी चकत्या विकल्या जात असत. त्या घेणाऱ्यांनीं वरचा नियम एकदां लावून पाहिला असता, तर त्यांचे पैसे वांचले असते. आणि मोबाइलचें म्हणाल, तर त्याच्या अँटेनाला लाभ नकोच असतो. मनोरा कोणत्या दिशेला आहे हें खिशांतल्या यंत्राला माहीत नसतें, म्हणून त्यानें कंदिलासारखें चौफेर पाहावें, हेंच योग्य. जवळच मनोरा उभा असतो म्हणून तें निभतें.

ज्यांना क्षेत्रफळ टाळतां येत नाहीं, ते तें निमूटपणें घेतात. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उभारलेल्या रेडिओ-दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्यांनीं काटकसर केली ती वजनांत. पत्र्याऐवजीं ताणलेल्या तारांची बारीक जाळी लावली. लांब लाटांना ती अखंड आरशासारखीच वाटते, आणि वारा तिच्यांतून निघून जातो. क्षेत्रफळांत मात्र एक चौरस मीटरही कमी केला नाहीं.

लहानपणाचें प्रकरण येथें संपलें. चपटेपणाचें अधिक मनोरंजक आहे.

थाळी मुळांत खोल कां असते? दुरून येणारी लाट सरळ भिंतीसारखी पुढें येत असते. ती थाळीच्या निरनिराळ्या भागांवर आपटून एका बिंदूपाशीं जमावयाची असते. सपाट आरशावरून ती जमणार नाहीं, कारण मध्यापासून त्या बिंदूपर्यंतची वाट जवळची आणि कडेपासूनची लांबची. कडेकडून येणारी लाट उशिरां पोंचेल. म्हणून थाळीची कड पुढें उचललेली असते. तेथें लाट आधींच भेटते, आणि पुढची लांब वाट चालूनही ती मध्यावरच्या लाटेबरोबरच बिंदूपाशीं येते. थाळीची खोली म्हणजे अशा रीतीनें वेळेचा हिशेब जुळविण्याची एक युक्ति आहे.

गाण्याच्या बैठकीला जाणाऱ्या श्रोत्यांना दुसरी युक्ति लगेच समजेल. सगळे वादक समेवर एकत्र आले म्हणजे झालें. एखादा वादक बरोबर एक आवर्तन मागाहून सुरू झाला असला, तरी सम गांठतांना ऐकणाराला कांहींच खटकत नाहीं. लाटांचेंही तसेंच आहे. सर्वांची वाट सारख्या लांबीची असण्याचें कारण नाहीं. त्यांनीं समेवर यावें, एवढेंच पुरे. तेव्हां सपाट फळीवर नखाएवढे तांब्याचे चौकोन छापावेत, आणि प्रत्येक चौकोनाचा आकार किंचित् वेगळा ठेवावा. चौकोन हा लाटेच्या दृष्टीनें झोपाळ्यासारखा असतो. त्याच्या स्वाभाविक लयीहून थोडा मोठा केला, कीं तो झोंका उशिरां परत देतो. लहान केला, कीं लवकर देतो. कोणत्या जागीं किती उशीर हवा तें गणितानें काढून चौकोन छापले, म्हणजे फळी सपाट राहूनही लाटा एका बिंदूपाशीं समेवर येतात. परावर्तक-मालिकेची ही कल्पना १९६३ सालीं प्रसिद्ध झाली होती, परंतु तेव्हां ती चौकोनांऐवजीं धातूच्या पोकळ नळ्यांनीं साधली होती, आणि त्या नळ्यांनीं चपटेपणाचा सारा फायदाच खाऊन टाकला होता. छापील तांब्याच्या तंत्रानें ती खऱ्या अर्थानें चपटी झाली.

या विद्येची खरी परीक्षा २०१८ सालीं मंगळाजवळ झाली. अमेरिकेचें इनसाइट नांवाचें यान २६ नोव्हेंबर रोजीं मंगळावर उतरावयाचें होतें. वातावरणांत शिरल्यापासून जमिनीला पाय टेकेपर्यंत सुमारें सात मिनिटें लागतात, आणि त्या सात मिनिटांत काय घडलें हें कळावें म्हणून नियंत्रण-कक्षांतील माणसें वर्षानुवर्षें केलेले श्रम पणाला लावून बसलेलीं असतात. मंगळाभोंवतीं फिरणारें मोठें यान हा संदेश टिपून ठेवणार होतें खरें, परंतु एकाच वेळीं ऐकणें आणि पृथ्वीकडे पाठविणें त्याला शक्य नव्हतें. त्याच्याकडून बातमी येण्यास तासाहून अधिक वेळ जाणार होता. म्हणून इनसाइटबरोबर मार्को नांवाचीं दोन चिमुकलीं यानें सोडलेलीं होतीं. प्रत्येक यान लहानशा सूटकेसएवढें, वजनानें साडेतेरा किलोग्रॅम. इतकीं लहान यानें त्यापूर्वीं पृथ्वीपासून दूर ग्रहांकडे कधींच गेलीं नव्हतीं.

मार्कोची अडचण आतां श्रोत्यांना सहज समजेल. त्या दिवशीं मंगळ पृथ्वीपासून साडेचौदा कोटी किलोमीटर दूर होता; प्रकाशालासुद्धां तेथून येण्यास आठ मिनिटें लागत. यानाच्या प्रेषकाची शक्ति चार वॅटांच्या आसपास. आपल्या घरांतल्या जुन्या झिरोच्या दिव्यालाही याहून अधिक वीज लागे. आणि एवढ्यावर सेकंदाला आठ हजार बिटांच्या वेगानें संदेश पाठवावयाचा होता. मोठ्या लाभाचा अँटेना असल्यावांचून ही गोष्ट होणें नव्हतें, आणि त्या सूटकेसींत खोल थाळी ठेवावयाची म्हटली, तर बॅटरी, रेडिओ आणि इतर यंत्रें बाहेर काढावीं लागलीं असतीं.

इंजिनियरांनीं तीन सपाट फळ्या बिजागऱ्यांनीं जोडल्या आणि त्या यानाच्या अंगाला मिटवून ठेवल्या. मिटलेल्या सर्व पसाऱ्याची जाडी सुमारें सव्वा सेंटिमीटर भरली. अवकाशांत गेल्यावर त्या उलगडल्या, म्हणजे सुमारें ३३ बाय ६० सेंटिमीटरांचा एक सपाट पडदा तयार होई. यानाच्या अंगावरच बसविलेला छोटा प्रेषक-अँटेना त्यावर तिरक्या दिशेनें लाट टाकी, आणि पडद्यावरचे शेंकडों तांब्याचे चौकोन ती पृथ्वीच्या दिशेनें एका झोतांत परतवीत. लाट होती साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित् लांब. आपला नियम लावला, तर या क्षेत्रफळाला आदर्श लाभ सुमारें दोन हजार येतो. प्रत्यक्ष मिळाला सुमारें आठशें. म्हणजे शेंकडा चाळीसच्या आसपास. बाकीचा कोठें गेला? कांहीं लाट पडद्याच्या कडेवरून सांडली, कांहीं बिजागऱ्यांच्या फटींत गेली, कांहीं तिरक्या प्रकाशनामुळें वायां गेली. खिडकीवरच्या साध्या पोलादी थाळीचा हिशेब याहून चोख असतो, हें मुद्दाम सांगावेंसें वाटतें, कारण चपट्या अँटेनाच्या जाहिरातींत हा आंकडा सहसा आढळत नाहीं.

पण या आठशें पटींचें मोल काय, तें पाहा. हा पडदा नसता आणि लाट कंदिलासारखी चौफेर गेली असती, तर त्याच चार वॅटांवर आठ हजारांऐवजीं सेकंदाला दहाच बिटें पोंचलीं असतीं. लाखभर बिटांचें एक लहानसें चित्र, जें बारा-तेरा सेकंदांत येतें, त्याला पावणेतीन तास लागले असते. त्या दिवशीं स्पेनमध्यें माद्रिदजवळच्या ७० मीटर व्यासाच्या थाळीनें मार्कोचा आवाज ऐकला, इनसाइट सुखरूप उतरल्याची खूण जवळजवळ घडतांघडतांच पृथ्वीवर आली, आणि कांहीं मिनिटांतच धुळीनें माखलेल्या झांकणांतून घेतलेलें मंगळाच्या जमिनीचें पहिलें चित्रही त्याच वाटेनें आलें. एका टोकाला सव्वा सेंटिमीटर जाडीचा पडदा, आणि दुसऱ्या टोकाला ७० मीटरांची थाळी. यानावर जें क्षेत्रफळ ठेवतां आलें नाहीं, तें पृथ्वीवर बांधावें लागलें होतें. हिशेब कोठें तरी पुरा करावाच लागतो. पुढें २०१९ च्या जानेवारीच्या आरंभापर्यंत दोन्ही यानें मुकीं झालीं, पण त्यांचें काम केव्हांच झालें होतें.

जपानी लोकांनीं चपटेपणा वेगळ्या वाटेनें साधला. तेव्हांच्या टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें १९८० च्या दशकांत एका अँटेनाचा विकास झाला. धातूच्या दोन गोल तबकड्या थोड्याशा अंतरानें एकीवर एक ठेवून मध्यभागीं लाट सोडावयाची. ती पाण्यांत खडा टाकल्यावर वर्तुळें पसरावीं तशी कडेकडे पसरत जाते, आणि वरच्या तबकडीवर चक्राकार कोरलेल्या असंख्य बारीक खांचांतून समेवर बाहेर पडते. प्रथम तो घराघरांत उपग्रहाचे कार्यक्रम पाहण्यासाठीं वापरला गेला. पुढें २०१० सालीं शुक्राकडे निघालेल्या आकात्सुकी यानानें आणि २०१४ सालीं र्‍युगू या लघुग्रहाकडे निघालेल्या हायाबुसा-२ यानानें तोच पाठीवर घेतला. शुक्राकडे जातांना त्याचा एक अनपेक्षित गुण उपयोगी पडला. खोल थाळी रेडिओच्या लाटांबरोबर सूर्याचें ऊनही एका बिंदूपाशीं गोळा करते, भिंगाखालीं कागद धरावा तसें. सपाट तबकडीला तो खोडसाळपणा येत नाहीं.

या पद्धतींत तबकड्यांच्या मधली पोकळीच लाट वाहून नेते, म्हणून गळती थोडी होते. त्याऐवजीं प्रत्येक छापील चौकोनापर्यंत तांब्याची बारीक रेषा काढून शक्ति पोंचवावयाची म्हटली, तर शेताच्या टोकापर्यंत पाटानें पाणी नेण्यासारखें होतें. शेत वाढवावें तसा पाट लांबतो, आणि पाणी वाटेंतच मुरतें. एका मर्यादेनंतर चौकोन वाढविले, तरी लाभ वाढेनासा होतो. चपटे अँटेना कांहीं ठिकाणीं इतके उत्तम आणि कांहीं ठिकाणीं इतके निराशाजनक कां ठरतात, याचें पुष्कळसें उत्तर या पाटांतच आहे.

दुसरी किंमत मघांच्या समेच्या दृष्टांतांतच दडलेली आहे. एक आवर्तन उशिरां आलेला वादक लय कायम आहे तोंवरच समेवर असतो. लय थोडी चढली, कीं तो एकटाच भलत्या मात्रेवर पडतो. परावर्तक-मालिकेचेंही असेंच आहे. ठरलेल्या लहरींवर ती उत्तम, त्यांपासून दूर गेलें कीं बेसूर. खोल थाळींत कोणी उशिरां येतच नसल्यामुळें तिला कोणतीही लय चालते. मार्कोला एकाच लहरींवर बोलावयाचें होतें, म्हणून तें खपून गेलें. घरीं शेंकडों वाहिन्या पाहणाराला पट्टा बराच रुंद लागतो.

तिसरी किंमत मात्र ठेवण्याच्या रीतीवर अवलंबून आहे, आणि ती पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. क्षेत्रफळ मोजावयाचें तें उपग्रहाकडून पाहिल्यावर दिसेल तेवढेंच. आडवा ठेवलेला पाट वरून पाहिला तर पुरा दिसतो, बाजूनें पाहिला तर नुसती कड दिसते. हल्लीं विमानांच्या व मोटारींच्या टपांवर सपाट फलक बसवितात आणि झोत विजेच्या साहाय्यानें हवा तिकडे वळवितात. पण झोत वळला तरी फलक आडवाच असतो, आणि साठ अंश कलून पाहावें लागलें, तर त्याचें निम्मेंच क्षेत्रफळ कामास येतें. लंडनहून विषुववृत्तावरचे उपग्रह आकाशांत इतके खालीं दिसतात, कीं टपावरचा फलक तेथें जवळजवळ निम्मा फुकट जातो.

मुंबईची गोष्ट निराळी. ८३ अंश पूर्व रेखांशावर आपल्या देशाचे उपग्रह असतात, ते मुंबईहून आग्नेयेच्या किंचित् दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारें ६५ अंश उंच दिसतात. गच्चीवर अगदीं आडवा ठेवलेला सपाट फलक तेथें आपल्या क्षेत्रफळाचा फार तर दहावा हिस्सा गमावील. तोच फलक शोभेसाठीं भिंतीला चिकटविला, तर भिंतीचें तोंड नेमकें उपग्रहाच्या दिशेला असलें, तरीही अर्ध्याहून अधिक क्षेत्रफळ वायां जाईल; आणि भिंत पश्चिमेकडे असली, तर मधें सबंध इमारतच आडवी येईल. तेव्हां दर्शनी भिंत मोकळी करावयाची असेल, तर सपाट अँटेनाची जागा खिडकीशेजारीं नसून गच्चीवर आहे. आणि गच्चीवरच जावयाचें ठरलें, तर सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच चांगली थाळी आणि तिच्यापासून घरोघर उतरविलेल्या वायरी, हा मार्ग सोसायटीला पूर्वींपासून मोकळा आहे. तो स्वस्तही पडतो.